मागे गरम

त्यांना सगळे मोठे म्हणत. हे नाव ऐकून कुणी धिप्पाड माणूस डोळ्यांपुढे आणू नये. वरच्या फळीवरचा डबा काढायला मोठ्यांना स्टूल लागायचं. ते स्टूल लपवून ठेवायची गंमत एकानेच केली होती आणि एकदाच केली होती. त्या दिवशी त्याला जे ऐकावं लागलं, ते ऐकून बाकीच्यांची हौस फिटली.

एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचे ते मुख्य आचारी होते. रोग्यांचं सूप, मऊ भात, उकडलेले बटाटे, पथ्याच्या बिनमिठाच्या भाज्या, सगळं त्यांच्या नजरेखालून वर जायचं. हाताला चव होती, कामात कसूर नव्हती, तोंडाला मात्र लगाम नव्हता. राग कायम नाकावर. कांदा जाड चिरला गेला की चिरणाऱ्याच्या अकलेपासून सुरुवात व्हायची आणि गाडी कुठे थांबेल याचा नेम नसायचा. रोग्यांकडून कधी चिठ्ठी यायची, सूप छान होतं म्हणून. ती वाचून मोठे म्हणायचे, छानच असणार, त्यात काय सांगायचं, आणि चिठ्ठी मात्र घडी घालून खिशात ठेवायचे.

स्वयंपाकघर तळघरात होतं. लांबट, अरुंद, बिनखिडक्यांचं. एका बाजूला शेगड्यांची रांग, समोर चिरायचं लांब टेबल, टोकाला मोरी, आणि या सगळ्यांतून जायला एकच बोळ. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला पोट आत घ्यावं लागायचं. अशा जागेत दिवसभर उकळती पातेली आणि तापलेले ट्रे इकडून तिकडे जायचे. कुणी भाजलं नव्हतं ते एका नियमामुळे.

नियम असा की हातात गरम काही असलं तर चालायच्या आधी मोठ्याने सांगायचं, “मागे गरम.” वाटेत पाठ करून जो उभा असेल त्याने अंग चोरून घ्यायचं आणि म्हणायचं, “या.” उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, मग हाताचं काहीही होवो. या दोन शब्दांना लहानथोर नव्हतं. बटाटे सोलणाऱ्याने मोठ्यांना सांगावं आणि मोठ्यांनी “या” म्हणावं, तेवढ्यापुरतं सगळे सारखे. नवा माणूस आला की मोठे त्याला आधी हे शिकवायचे, मीठ कुठे आहे ते नंतर.

नियम त्यांनीच आणला होता. का आणला, ते त्यांच्या बायकोशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तरुणपणी ते दुसरीकडे एका आचाऱ्याच्या हाताखाली होते. तिथल्या एका सोबत्याशी त्यांचं कशावरून तरी वाजलं आणि अबोला धरला गेला. दुसऱ्या दिवशी तो सोबती तापलेल्या तेलाची कढई घेऊन त्यांच्या मागून निघाला. बोलायचं नव्हतं, म्हणून बोलला नाही. नेमके त्याच वेळी मोठे वळले आणि कढई त्यांच्या पाठीवर उलटली. मानेपासून कमरेपर्यंतची ती पाठ त्यानंतर त्यांनी चारचौघांत कधी उघडी केली नाही. तळघरात जीव उकडून निघायचा, बाकीचे बनियनवर यायचे, मोठ्यांचा सदरा अंगावरच. लोकांना वाटायचं, साहेबी थाट आहे.

आता एवढं भोगलेल्या माणसाने तोच नियम स्वतःच्या तोंडाने मोडावा याला काय म्हणायचं? पण माणूस असाच असतो. आणि झालं ते सौजन्यामुळे झालं.

रुग्णालयाच्या व्यवस्थापक बाईंच्या मनात आलं की सगळ्या विभागांत लोकांनी एकमेकांशी नीट बोलावं. कल्पना चांगली होती. त्यांनी बाहेरून एक शिकवणाऱ्या बाई बोलावल्या. त्या तळघरात येऊन तासभर बोलल्या. आवाज चढवू नये, समोरच्याचं पूर्ण ऐकावं, कृपया म्हणावं. दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांना “कृपया विळी द्या” म्हणत खिदळत होते. मोठे त्या तासाला हाताची घडी घालून सगळ्यात मागे उभे होते, आणि घरी जाऊन म्हणाले की आमटी ढवळल्याशिवाय शिजत नाही आणि माणूस ओरडल्याशिवाय हलत नाही. तास संपवून जाताना शिकवणाऱ्या बाईंनी शीतपेटीच्या वर एक मोठा फलक चिकटवला होता, ‘आदराने बोला’.

पुढे पाहणीला काही लोक आले. कोट घातलेले, नाकाला रुमाल लावलेले. मोठे त्यांना फलकाखाली उभं राहून सांगत होते की आमच्याकडे कसं सगळं शिस्तीत चालतं. सांगता सांगता ते बोळाच्या मधोमध आले. तेवढ्यात मागून आवाज आला, “मागे गरम.”

आवाज वहिनींचा होता. वहिनी भांडी घासायच्या. त्यांचे यजमान याच रुग्णालयात रखवालदार होते, सगळ्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. बाई अबोल. दिवसभरात त्यांच्या तोंडून हे दोन शब्द सोडून फारसं काही बाहेर पडायचं नाही. हातात उकळत्या पाण्याचं पातेलं होतं. मोठे बोलण्याच्या भरात होते, त्यांनी उत्तर दिलं नाही. वहिनी नियमाप्रमाणे थांबल्या. हात भरून आले तसं पुन्हा म्हणाल्या, “मागे गरम, मोठे.” पाहुणे दचकून बाजूला झाले, एकाचा पाय सालींच्या टोपलीत गेला, आणि मोठ्यांना पोट आत घेऊन टेबलाला चिकटावं लागलं. पाहुण्यांपैकी एकजण हसत म्हणाला, इथे खरा हुकूम कुणाचा चालतो ते कळलं.

तो गंमत करत होता. मोठ्यांना ती झोंबली. पाहुणे जाईपर्यंत ते हसरं तोंड करून उभे राहिले आणि मग वळले.

“चार लोकांसमोर मला बाजूला सरकवतेस? भांडी घासायला ठेवलंय तुला, तोंड चालवायला नाही. आजपासून इथे फक्त माझा आवाज ऐकू येईल. बाकी कुणाचा हूं की चूं नको.”

चिरायच्या टेबलावर सगळ्यात जुने होते मामा. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि हळूच विचारलं की गरम असलं तर सांगायचं, तेही नको का. मोठ्यांच्या मनात एक क्षण काहीतरी हललं. पण तोंड पुढे धावलं होतं.

“काहीच नको म्हटलं ना.”

वहिनींनी टेकवून ठेवलेलं पातेलं मोरीत ओतलं. वाफ वर गेली आणि त्यात त्यांचा चेहरा दिसला नाही.

लोकांनी बंड केलं असतं तर मोठ्यांना बरं पडलं असतं. बंडाशी कसं वागायचं हे त्यांना ठाऊक होतं. पण लोकांनी ऐकलं. नोकरी सगळ्यांनाच हवी होती, आणि मोठ्यांनी मनात आणलं तर माणूस दारावरच्या हजेरीच्या पाटीवरूनही पुसला जातो हे सगळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तळघर चिडीचूप झालं. सुऱ्यांचा टकटकाट, धूर ओढणाऱ्या पंख्याची घरघर, उकळी फुटल्याचा आवाज. बस.

पहिल्या दिवशी मोठे खुशीत होते. शिस्त म्हणतात ती ही, असं त्यांना वाटलं. सूप ढवळताना त्यांनी दोनतीनदा घसा खाकरला, कारण एवढ्या शांततेत आपला घसाही मोठा वाटतो. मग त्यांच्या पाठीला काहीतरी जाणवलं. ऊब. ती आली, दोन खांद्यांच्या मधून सरकली आणि गेली. ते वळले तेव्हा बटाट्यांचा वाफाळता ट्रे घेऊन एकजण पुढे निघून गेला होता, खाली मान घालून, पावलांचाही आवाज न करता. ट्रे त्यांच्या सदऱ्यापासून बोटभर अंतरावरून गेला असणार. मोठ्यांनी पळी खाली ठेवली.

त्यानंतर त्यांची पाठ त्यांना स्वस्थ बसू देईना. ती जुनी कातडी, जिला चिमटा काढला तरी कळत नसे, ती आता नुसत्या वाऱ्यानेही शहारायची. कुणी मागून जातंय असं वाटलं की मानेवर घाम फुटायचा. वळावं तर भीती, कारण त्या वेळीही वळले होते म्हणूनच झालं होतं. न वळावं तर त्याहून भीती. ते शेगडीपाशी अंग तिरकं करून उभे राहू लागले, म्हणजे एक डोळा सुपावर आणि एक बोळावर. पातेल्यावर एक चकचकीत झाकण उभं करून ठेवायचे आणि त्यात मागचं बघायचे. झाकणात सगळेच वेडेवाकडे दिसत. वाकडी माणसं वाकडी पातेली घेऊन येत आहेत आणि आपल्या मागे येऊन मोठी मोठी होत आहेत, असं दिवसभर बघून कुणाचं डोकं ताळ्यावर राहील? मिठाचा अंदाज चुकायला लागला. वरून पहिल्यांदा चिठ्ठी आली की सूप खारट आहे.

घरीही तेच. एकदा बायको चहाची किटली घेऊन त्यांच्या खुर्चीमागून गेली आणि मोठे असे उडाले की खुर्ची पडली. बायकोने किटली ठेवली, खुर्ची उचलली आणि काय झालं ते विचारलं. मोठे आधी म्हणाले काही नाही. मग म्हणाले, कामाचा ताण. मग सगळंच सांगितलं. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं, ती हसली नाही. तिने या पाठीला महिनोन् महिने मलम लावलं होतं. ती म्हणाली की मग त्यांना सांगा, पूर्वीसारखं बोलत जा म्हणून. मोठे म्हणाले, कसं सांगू, शब्द माघारी घेतला तर उद्या कोण ऐकेल माझं?

“आज तरी कोण ऐकतंय? घाबरताहेत नुसते,” बायको म्हणाली. “तुम्हीसुद्धा.”

सकाळी ते सांगायचं ठरवून निघाले. वाटेत वाक्य जुळवलं, दोनदा पुटपुटून पाहिलं. तळघरात पाऊल टाकलं, सगळ्यांनी माना वर केल्या, आणि मोठ्यांच्या तोंडून बाहेर पडलं की कांद्याची सालं अजून इथे कशी, कुणाच्या लग्नाला ठेवलीत का. माना खाली गेल्या. जुळवलेलं वाक्य तिथेच विरलं.

त्याच दिवशी मामा भाजले. भट्टीतून पावाचा ट्रे काढून ते वळले आणि मागून भाताचं पातेलं आलं. पातेलेवाला शेवटच्या क्षणी थबकला, पण थोडी पेज मामांच्या मनगटावर सांडली. मोठ्यांनी हे झाकणात पाहिलं. मामांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. हाय नाही, हूं नाही. नळाखाली हात धरून ते उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. सगळं स्वयंपाकघर त्यांच्याकडे न बघता काम करत होतं. भाजल्यावर माणूस ओरडतो, हे तर कुणी शिकवावं लागत नाही. मामांनी ते मोठ्यांच्या धाकाने गिळलं होतं.

पुढचा कोण, हे मोठ्यांना दिसायला लागलं. आज मनगट, उद्या तोंड. कुणाची तरी पाठ त्यांच्या पाठीसारखी होणार आणि ती त्यांच्यामुळे होणार. तरीही ते मामांजवळ जाऊन एवढंच म्हणाले की बघून चालता येत नाही का. मामांनी मान हलवली.

दुपारी वर जेवण जायची वेळ झाली. सूप तयार झालं होतं. भरलेलं मोठं पातेलं नेहमी दोघं उचलायचे, पण मामा एका हाताचे झाले होते आणि दुसऱ्या कुणाला हाक मारायची तर आपल्याच आवाजाची मोठ्यांना भीती वाटायला लागली होती. त्यांनी पातेल्याच्या दोन्ही कानांना फडकी लावली आणि ते एकट्याने उचललं. सूप काठापर्यंत होतं. ते वळले, चार पावलं गेले, आणि बोळात वहिनी होत्या.

त्यांची पाठ मोठ्यांकडे होती. मोरी तुंबली होती म्हणून त्या बादली खाली घेऊन वाकून ट्रे खरवडत होत्या. फरशी साबणाच्या पाण्याने निसरडी झाली होती. मोठ्यांची चाहूल त्यांना लागली असणार, कारण हात थांबला. पण मोठे कुठून येताहेत, डावीकडून की उजवीकडून, किती जवळ आहेत, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. त्या वळल्या नाहीत. सरकल्याही नाहीत. त्यांचे खांदे हळूहळू कानांपर्यंत वर चढले, मान आत गेली, आणि सबंध पाठ आखडून त्या तशाच राहिल्या.

ती पाठ मोठ्यांनी ओळखली. गेले कित्येक दिवस शेगडीपाशी आपण तशीच पाठ करून उभे आहोत, हे त्यांना कळलं. बाई रोज मोरीपाशी अशीच उभी राहत होती. तिच्याकडे तर झाकणही नव्हतं.

“मागे गरम,” मोठे म्हणाले.

सवयीने तोंडून गेलं. सुऱ्या थांबल्या. सगळे बघत होते, आणि वहिनींच्या तोंडून उत्तर आलं नाही. येणार कसं? कुणी तोंड उघडायचं नाही, असा मोठ्यांचा हुकूम होता. आणि उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हाही त्यांचाच. मोठे आपल्या दोन हुकमांच्या मध्ये उकळतं सूप धरून उभे राहिले.

फडक्यांतून चटका बसायला लागला. मागे जावं तर मागचं दिसत नव्हतं, ठेवावं तर जागा नव्हती. एका बाजूने थेंब सांडला आणि त्यांच्या पायावर पडला. दंड थरथरू लागले, सूप हिंदकळलं, आणि मोठ्यांना पुढचं सगळं डोळ्यांसमोर दिसलं. त्या वाकलेल्या पाठीवरून ते कसं ओघळेल, साडी कशी चिकटेल, सोडवताना काय काय सुटून येईल. ते कसं असतं हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

“वहिनी,” ते म्हणाले. हा शब्द त्यांनी आजवर उच्चारला नव्हता. “माझं चुकलं. मला भीती वाटतेय. उत्तर द्या.”

मग वहिनींचा आवाज आला, नेहमीसारखा, बारीक.

“थांबा.”

मोठे थांबले. हुकूम वहिनींचा होता. त्यांनी आधी बादली पायाने मोरीखाली सारली. मग कोपऱ्यातलं पोतेरं ओढून फरशी पुसली, घाई न करता, कडेपर्यंत. मोठ्यांची बोटं सोलून निघत होती, पण ते एक शब्द बोलले नाहीत. वहिनी भिंतीला अंग लावून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिल्यांदा वळून मोठ्यांच्या हातांकडे पाहिलं.

“या आता.”

मोठे गेले. पातेलं टेकवलं आणि त्यांचे हात तिथेच, हवेत, पातेलं धरल्यासारखे राहिले. मामा उठून आले, आपल्या शेजारी नळाखाली त्यांनी ते हात धरले आणि पाणी सोडलं. तिथे उभ्या उभ्या, भिंतीकडे तोंड करून, मोठ्यांनी पाठीची गोष्ट सांगितली. कढईची, अबोल्याची, सदऱ्याची. शेवटी म्हणाले की आरोळी पूर्वीसारखी द्यायची, मलाही द्यायची, पाहणीला देव आला तरी द्यायची. आणि त्या दिवशी जे बोललो ते बोलायला नको होतं. माफी एका दुपारी पचत नाही, आणि मोठ्यांनी तशी अपेक्षाही केली नाही. पण थोड्या वेळाने टेबलापाशी कुणीतरी “कृपया विळी द्या” म्हणालं आणि एकजण फिसकन हसला.

मोठे शेगडीपाशी परतले. बोटांना फडकं गुंडाळलेलं होतं. रात्रीच्या भाजीला फोडणी द्यायची होती. त्यांनी झाकण उचललं आणि पातेल्यावर आडवं ठेवलं, जसं ठेवायला हवं तसं. त्याबरोबर मागचं दिसेनासं झालं आणि हात पुन्हा झाकणाकडे गेला. भीती अशी एका माफीने जात नाही.

“मागे गरम, मोठे.”

वहिनी होत्या. त्याच सुरात, त्या दिवशी पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या त्याच. मोठ्यांनी “या” म्हणायला तोंड उघडलं, पण पाठ गोठली होती आणि गळ्यातून आवाज फुटेना. मागे सगळं थांबलेलं होतं. उकळत्या पाण्याचा बुडबुडता आवाज त्यांच्या कमरेच्या मागे एका जागी स्थिर होता, तो पुढे येत नव्हता. बाईंचे हात भरून येत असणार. तरी पाऊल पुढे पडलं नाही. त्या वाट बघत होत्या.

“या,” मोठे म्हणाले.

ऊब आली, दोन खांद्यांच्या मधून सरकली आणि मोरीकडे गेली. मोठ्यांनी वळून पाहिलं नाही.